फळ्या चिरायला चेन कोणती घ्यावी आणि तिची धार कशी राखावी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वाडीत वादळाने आडवा केलेला एक फणस आहे आणि उभा वाळलेला एक ऐन. तुमच्याकडे 58 सीसीचे कटर मशीन (चेनसॉ) आहे, त्याला 22 इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), आणि नुकतीच आणलेली अलास्कन मिल, म्हणजे बारला बसवून ओंडक्याच्या फळ्या चिरायची चौकट. पहिल्याच फळीला धूर निघाला, फळीवर लाटा उठल्या आणि दोन तासांत जेमतेम एक फळी झाली. दुकानदार म्हणतो, साधी चेन या कामाची नव्हे, उभ्या चिरणीसाठीची 'रिपिंग चेन' मागवा, तिला दुप्पट पैसे पडतील. तर ती घ्यावी का, आणि धार कशी लावावी?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. त्याच पैशात दोन साध्या चेन येतील. त्यांच्या जोडीला गोल कानशींचा एक डबा, एक चपटी कानस आणि रेकर (दातापुढचा छोटा ठोकळा) मोजायची पट्टी घ्या. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे, धूर, लाटा आणि संथपणा, मला चेनच्या जातीची वाटत नाहीत. ती बोथट दातांची आणि न घासलेल्या रेकरची आहेत. रिपिंग चेनसुद्धा पेट्रोलच्या दुसऱ्या टाकीला याच अवस्थेत येईल आणि मग तुम्ही तिसरी कुठली तरी चेन शोधू लागाल. मीही त्याच वाटेने गेलेलो आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडून आत आले आणि आमच्या दापोलीकडेही माड, पोफळी, आंबे, फणस आडवे करून गेले. तेव्हा गावात कटरवाल्यांना इतके काम होते की सरपणापलीकडे कोणी काही कापून देईना. आजोबांनी लावलेल्या फणसाचे सरपण करायचे माझ्या जिवावर आले, म्हणून मिल आणली. तेव्हापासून दर वर्षी आठ-दहा ओंडके चिरतो. धंदा नाही, हौस आहे. पण पहिल्या दोन वर्षांत चेनवर जेवढे पैसे घालवले तेवढ्यात एखादे दुसरे मशीन आले असते.

आधी उभे चिरणे आणि आडवे कापणे यांतला फरक नीट पाहा, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. झाड आडवे कापताना दाताचा कोपरा आणि त्याची बाजू लाकडाचे तंतू दोन्हीकडून तोडतात आणि वरचे पाते मधला तुकडा सोलून बाहेर काढते. सोलणे तंतूंच्या कडेने होत असल्यामुळे वरच्या पात्याला फार कष्ट नसतात. मिलमध्ये ओंडका आडवा असतो, बारही आडवा असतो आणि आपण ओंडक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. म्हणजे दातासमोर येतात ती तंतूंची कापलेली टोके. प्रत्येक तंतू आता वरच्या पात्यालाच तोडावा लागतो, बाजू नुसती घसरत जाते. एकाच धारेवर सगळा भार, तोही पंधरा-सोळा इंच रुंदीत, मिनिटामागून मिनिट, श्वास न घेता. सरपण कापताना मशीन दहा सेकंद गुरगुरते आणि थांबते. इथे सहा फुटांच्या फळीला दहा मिनिटे पूर्ण रेसवर असते. आडव्या कापाला चालून जाणारी धार उभ्या चिरणीला चालत नाही ती म्हणूनच.

यावरून रिपिंग चेनचेही कोडे उलगडते. साध्या चेनच्या दाताचे वरचे पाते बारशी काटकोनापेक्षा 30 अंश तिरके घासलेले असते, काहींचे 25. तो तिरकेपणा आडव्या तंतूंवर सुरीसारखा चालतो. रिपिंग चेनमध्ये तोच कोन 10 अंशांवर आणलेला असतो, म्हणजे पाते जवळपास सरळ. त्यामुळे दात बाजूला कमी ओढला जातो, चेन खाचेत कमी थरथरते, फळी जास्त गुळगुळीत येते आणि धार थोडी जास्त टिकते. फरक एवढाच. ओरेगॉन कंपनीच्या 72 आरडी किंवा 73 आरडी घ्या, स्टिल कंपनीची पीएमएक्स घ्या, गाभ्याला तो 10 अंशांचाच कोन आहे. चेन जलद चालेल म्हणून कोणी रिपिंग विकत असेल तर ते खरे नाही. माझ्या अनुभवात 30 अंशांची ताजी धार थोडी जलदच जाते, फक्त फळी खरबरीत येते. फळी पुढे रंध्यातून काढायचीच असेल तर त्या खरबरीतपणाचे तुम्हाला काय?

आणि 10 अंश विकतच घ्यावे लागतात असे थोडेच आहे. कानस आपल्याच हातात असते. साधी चेन घ्या, पहिली एक-दोन फळी कारखान्याच्या धारेवर चिरा, मग दर धारेला कानस थोडी थोडी सरळ धरत जा: 30 वरून 25, मग 20, मग 15. चार-पाच धारांत तुम्ही 10 ते 15 अंशांच्या आत येता, आणि दाताचे पोलादही वाया जात नाही. एकाच बैठकीत 30 वरून 10 करायला गेलात तर दाताचा बराच भाग घासून फेकावा लागतो. मी पहिली चेन तशीच अर्धी खाल्ली.

आता खरेदी. तुमचे मशीन बाजारात '58 सीसी' म्हणून सरसकट मिळते त्यापैकी असेल, तर त्याची चेन बहुधा .325 इंच पिच, 1.5 मिमी गेज आणि 86 ड्राइव्ह लिंक अशी असते. पण बहुधा या शब्दावर पैसे घालू नका. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर भागिले दोन. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी. आणि ड्राइव्ह लिंक म्हणजे खाली सुळ्यासारखी येणारी कडी. ती मोजायचीच. बारच्या बुडाशी बहुतेक वेळा हे तिन्ही कोरलेले असते. नसेल तर जुनी चेन टेबलावर पसरून सुळे मोजा, आणि दुकानात नवी चेन हातात आली की तिथेच पुन्हा मोजा. मी एकदा 86 सांगून 84 ची चेन घरी आणली होती. शिवारात ओंडका, हातात मशीन, आणि चेन बारवर चढेना.

ओरेगॉनच्या चेनच्या सुळ्यावर आकडा छापलेला असतो: 20, 21, 22 म्हणजे .325 पिच आणि अनुक्रमे 1.3, 1.5, 1.6 मिमी गेज. तुम्हाला 21 हवी. 72, 73, 75 म्हणजे तीन-अष्टमांश पिच, त्याच क्रमाने गेज. 91 म्हणजे तीन-अष्टमांशची बुटकी (लो प्रोफाइल), 1.3 मिमी. स्टिल पिचचा आकडा रेकरवर छापते आणि गेजचा सुळ्यावर: 3 म्हणजे 1.3, 6 म्हणजे 1.6. एवढे पाठ असले की दुकानदाराला कॅटलॉग उघडावा लागत नाही.

गेजची चूक सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. 1.3 ची चेन 1.5 च्या खाचेत आरामात बसते, फिरते, कापतेही. फक्त ती खाचेत कलंडते, आणि मिलमध्ये ते कलंडणे म्हणजे फळीवरची लाट. तुमच्या लाटांचे एक कारण हे असू शकते, त्यामुळे कॅलिपरने सुळ्याची जाडी एकदा मोजाच. दुसरे कारण बारच्या कडा. कडा एका बाजूने झिजली असेल किंवा खाच रुंदावली असेल तर नवी चेनही डोलते. बार सुताराच्या गुण्याला लावून सरळ उभा धरून पाहा. कडांवर ओठासारखी धार बाहेर आली असेल तर चपट्या कानशीने काढा, आणि दर एक-दोन धारांनंतर बार उलटा करून बसवा.

दाताचा आकार दोन प्रकारचा येतो. फुल चिझेलचा कोपरा टोकदार असतो, सेमी चिझेलचा गोलसर. फुल चिझेल स्वच्छ, ओल्या लाकडात सुरेख धावते, पण एक खडा लागला की कोपरा गेला, आणि कोपरा गेला की दात गेला. आपल्याकडे, जांभ्याच्या तांबड्या धुळीत लोळलेल्या ओंडक्यांसाठी, मी डोळे मिटून सेमी चिझेल सांगेन. थोडी हळू जाते, पण संध्याकाळपर्यंत जाते. ओरेगॉनमध्ये तुमच्या मापाला 21 बीपीएक्स ही सेमीच्या जवळची आणि 21 एलपीएक्स ही फुल. दोन घेणार असाल तर एकेक घ्या आणि स्वतःच पडताळा.

दोन गोष्टी टाळा. एक, रेकरच्या शेजारी उंचवटा असलेली 'सेफ्टी' चेन. ती हात वाचवायला उत्तम, पण त्या उंचवट्यामुळे भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही, आणि मिलमध्ये भुसा अडकला की उष्णता आलीच. दोन, बिननावाची, पाकिटावर फक्त '22 इंच' लिहिलेली चेन. तिची परीक्षा सोपी आहे: चांगल्या चेनच्या दातावर कानस 'खर्र' आवाज करत एकसारखी चावते. हलक्या चेनवर एक दात लोण्यासारखा घासला जातो आणि दुसऱ्यावर कानस घसरते. पोलादाला पाणीच एकसारखे दिलेले नाही. अशा चेनला तुम्ही कितीही मन लावून धार करा, दहा मिनिटांत निम्मे दात झोपतात.

स्किप चेन, म्हणजे दातांमध्ये जास्त जागा सोडलेली, 28 इंचांच्या पुढच्या बारला कामाची. तुम्हाला गरज नाही. रिळावरून चेन तोडून घेणे, रिव्हेट ठोकायची यंत्रे, हे सगळे वर्षाला पंधरा चेन लागणाऱ्याने करावे. आणि नव्या चेनबरोबर स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, पाहा. त्यावर चेनने चऱ्या पाडल्या असतील तर नवी चेनही महिन्यात ताणून लांब होते. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट धरा.

धारेकडे येतो. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या ओंडक्यावर एक अळी पाहत बसला होता. ती लाकूड उभेआडवे कसेही सहज पोखरत होती, कारण तिचे जबडे डावे-उजवे आळीपाळीने चावत होते. तिच्यावरून त्याने आजची चेन बेतली: एक दात डावा, एक उजवा, आणि 1947 मध्ये ती विकायला सुरुवात केली. ही गोष्ट सांगायचे कारण असे की चेन म्हणजे दोन जबडे आहेत, आणि धारेचे निम्मे काम दोन्ही जबडे सारखे ठेवणे एवढेच आहे. डावे दात लांब किंवा तीक्ष्ण राहिले तर चेन डावीकडे ओढते. मिलमध्ये बार आडवा असल्याने ती ओढ वर किंवा खाली जाते. मिलची चौकट बारला टोकांशी धरून ठेवते, म्हणून बार मधेच वाकतो आणि फळी मध्यभागी जाड किंवा पातळ येते. उजव्या हाताचे बहुतेक लोक एका बाजूला जोर जास्त देतात, त्यांना कळतही नाही. मी कमजोर बाजूला एक घासा जास्त देतो आणि दर तिसऱ्या धारेला कॅलिपरने दोन्हीकडचे तीन-तीन दात मोजतो.

कानस .325 ला 4.8 मिमीची. तीन-अष्टमांशला 5.2 किंवा 5.5, कंपनी सांगेल ती. बुटक्या तीन-अष्टमांशला 4. बारीक कानस वापरली तर दाताला आतून खोल आकडा पडतो, तो पहिल्या फळीत भूत झाल्यासारखा कापतो आणि दुसऱ्या फळीत मरतो. जाड वापरली तर दात मागे झुकतो आणि चावतच नाही. कानशीचा पाचवा हिस्सा पात्याच्या वर दिसला पाहिजे, चार हिस्से खाली. हाताचा अंदाज बसेपर्यंत कानशीला अडकवायचा गाइड घ्या. त्यावर कोनाच्या रेघा असतात.

बार शिकंज्यात पकडा, शेतात असाल तर ओंडक्यात ठोकायचा छोटा शिकंजा मिळतो. चेन थोडी ताठ करा म्हणजे दात डुलणार नाही. 86 लिंकांच्या चेनला 43 दात येतात, म्हणजे विषम. त्यामुळे एका जागी एकाच बाजूचे दोन दात शेजारी येतात, आणि तीच तुमची सुरुवातीची खूण. (36 दातांच्या चेनला ही सोय नाही, तिथे मार्करने एक दात रंगवा.) मग सर्वांत आखूड, सर्वांत मार खाल्लेला दात शोधा. त्याला पुरेल इतके घासायचे आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. मागे-पुढे किसणीसारखी चालवली तर कानस दोन दिवसांत गुळगुळीत होते. दोन ते चार घासे. एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसरी बाजू. घासा सपाट, टोक वर-खाली न करता. कानशीला तेल लावू नका, अधूनमधून दांड्यावर आपटून चुरा झाडा, आणि ती हातात थोडी थोडी फिरवत राहा. कानस ही मेणबत्ती आहे, संपायचीच. मी चार-पाच पूर्ण धारांनंतर ती सरपणाच्या चेनला देतो.

धार झाली की नाही हे बोटाने नव्हे, उजेडाने पाहायचे. सूर्याकडे पाठ करून दाताकडे पाहा. बोथट कडेवर उजेड पांढऱ्या रेघेसारखा चमकतो. चांगल्या धारेवर काहीच चमकत नाही, कारण चमकायला जागाच नसते. अजून एक: दाताच्या वर आणि बाजूला क्रोमचा पातळ थर असतो. खरी धार त्याचीच, पोलाद फक्त त्याला आधार देते. दगड किंवा खिळा लागला की तो थर कडेला उडतो. मग कितीही घासा, पण थर अखंड सापडेपर्यंत मागे गेल्याशिवाय धार टिकत नाही. 'काल धार केली, आज गेली' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असते: कोपऱ्यातला तो अर्धा मिलिमीटर घासायचा राहून गेलेला.

आणि आता रेकर. माझ्या मते तुमचे मूळ दुखणे इथेच आहे. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा ठोकळा असतो, तो ठरवतो की दाताने किती जाड घास घ्यायचा. नव्या चेनवर तो दाताच्या कडेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असतो. दात मागे उतरता असतो, त्यामुळे घासत गेलात की कडा मागे आणि खाली येते, रेकर मात्र तिथेच उभा. चार धारांनंतर दात वस्तऱ्यासारखा असतो आणि घास घेतच नाही. माणूस मग मशीन दाबतो, दाबले की घर्षण, घर्षणाने धूर, आणि धुराने धार जाते. मग पुन्हा धार, पुन्हा तेच.

बाजारातली रेकरची पट्टी चेनवर आडवी ठेवली की रेकरचा डोके वर काढणारा भाग चपट्या कानशीने घासून टाकता येतो. सुरुवातीला ती पुरे. पण ती पट्टी नेहमी 0.65 च देते, आणि अर्धी झिजलेली चेन 0.65 वर समाधानी नसते. कारण महत्त्वाचा आहे तो कोन: रेकरच्या माथ्यापासून दाताच्या कडेपर्यंत रेघ ओढली तर ती साधारण 6 अंश चढती हवी. नव्या दातात ते अंतर सहा-एक मिलिमीटर, म्हणून 0.65 पुरते. दात झिजून ते अंतर दहा मिलिमीटर झाले की त्याच 6 अंशांना 1 मिमीच्या आसपास फरक लागतो. म्हणून जुन्या चेनचे रेकर जास्त खाली. हे कळले त्या वर्षी माझ्या 'संपलेल्या' म्हणून बाजूला टाकलेल्या पाच चेनपैकी तीन पुन्हा कामाला लागल्या. फार खाली मात्र नेऊ नका. 58 सीसीच्या मशीनला सोळा इंच रुंदीत मोठा घास झेपत नाही, चेन अडकते, क्लच तापतो. कडक वाळलेल्या ऐनाला मी थोडा कमी घास ठेवतो, ओल्या फणसाला थोडा जास्त. घासल्यावर रेकरचा पुढचा कोपरा गोल करायला विसरू नका, नाहीतर तो लाकडाला ठोकत जातो.

ठीक चालले आहे का, ते भुश्यावरून ओळखा. आडव्या कापात चांगल्या चेनचा भुसा जाड कण्यांसारखा असतो. उभ्या चिरणीत तो बारीकच पडणार, त्याने घाबरू नका. पण तो बारीक रव्यासारखा हवा, बोटांत खरखरणारा. तो मैद्यासारखा झाला, हाताला गरम लागला, की मशीन बंद करा. मी टाकी संपली की न चुकता दोन-दोन घासे मारतो, बोथट वाटो न वाटो. पाच मिनिटे जातात. बोथट होईपर्यंत थांबलात तर प्रत्येक दाताला आठ-दहा घासे आणि अर्धा तास.

ग्राइंडरचे विचाराल म्हणून लिहितो. शिकंजा 10 अंशांवर, चाकाचा कोन 60 अंशांवर ठेवून चेन एकसारखी करायला तो उत्तम, विशेषतः खिळा खाल्लेल्या चेनला. पण चाक दाबून धरले की दात निळा पडतो, आणि निळा दात म्हणजे पाणी उतरलेले पोलाद. टक-टक असे हलके स्पर्श, मधे दाताला थंड होऊ द्यायचे. मी एका उत्साही रविवारी अख्खी चेन निळी केली होती. पुढच्या आठवड्यात ती कुठल्याच लाकडात धार धरेना. वर्षातून एकदा ग्राइंडर, बाकी कानस, हे माझे चालते.

तुमच्या दोन झाडांविषयी. ओंडक्याची साल आधी कुऱ्हाडीने काढा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फाटलेली असते आणि प्रत्येक भेगेत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. ती चेनला कानशीच्या उलट काम करते. निदान बार जिथून आत शिरतो आणि जिथून बाहेर येतो त्या पट्ट्या तरी स्वच्छ हव्यात. घराजवळचा फणस असेल तर धातुशोधक फिरवा, नसेल तर डोळ्याने तपासा: कपड्याची तार, पणतीचा खिळा, कुंपणाची काटेरी तार, सगळे झाडाने गिळलेले असते. ऐनासारख्या टॅनिनवाल्या लाकडात काळा-निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असे धरून चाला.

ओल्या फणसाचा चीक वेगळा त्रास देतो. तो भुश्यात मिसळून चेनच्या कड्यांमध्ये डिंकासारखा बसतो, कड्या आखडतात. फणस फोडताना आपण विळीला खोबरेल लावतो तोच न्याय इथे: तेल कमी पडू देऊ नका. मशीनचा तेलपंप सर्वांत जास्तीवर ठेवा, आणि रुंद कापाला बारच्या टोकाला बाटलीतून थेंब थेंब तेल सोडायची सोय करा. संध्याकाळी चेन रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने पुसून तेलात. गरम असताना ताणलेली चेन तशीच बारवर सोडू नका. थंड होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते. काम संपले की ढिली करा.

मिलची चौकट बारची चार-पाच इंच खाते, म्हणजे तुमचा खरा काप सतरा इंचांचाच. तेवढ्याही रुंदीत 58 सीसी हाशहूश करेल. चौदा इंचांपर्यंतचे ओंडके घ्या, जास्त रुंद असेल तर कडा आधी उतरवा. आणि मशीनला मधे मधे रिकामे अर्धा मिनिट चालू द्या, एकदम बंद करू नका. कानाला मफ, तोंडाला धूळ थांबवणारा मास्क हे सांगायला नको, पण फणसाचा बारीक भुसा रात्रभर खोकवतो हे मात्र सांगतो.

कागदाचेही पाहून ठेवा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत फणस, आंबा, ऐन, साग ही झाडे आहेत. वादळाने पडलेल्या फणसाचा पंचनामा किंवा तलाठ्याचा दाखला हाताशी असू द्या. उभा ऐन तर परवानगीशिवाय पाडूच नका. वाळलेला असला तरी.

फणस आधी चिरा. लाकूड मऊ आहे, चुका पोटात घालेल, आणि त्याच्यावर तुमचा हात बसेल. ऐन कठीण आहे, त्याच्याकडे तिसऱ्या-चौथ्या चेनधारेनंतर जा, रेकर मोजून. फणसाच्या फळ्यांना टोकाशी लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर चार दिवसांत भेगा आत जातात. दुकानात जाताना चिठ्ठीवर एवढेच लिहून न्या: .325, 1.5 मिमी, 86 लिंक (घरी मोजून), सेमी चिझेल, सेफ्टी नको, दोन नग, 4.8 मिमी गोल कानस एक डबा, 6 इंची चपटी कानस, रेकरची पट्टी, कॅलिपर नसेल तर तोही.